नाव एकाचं, धावणारा दुसरा: रेसचा बिब दुसऱ्याला द्यावा का?

मोठी रेस दहा-बारा दिवसांवर आली की धावणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "गुडघा दुखतोय, डॉक्टर नाही म्हणाले. हाफचा बिब आहे, कोणाला हवाय का?" (हाफ म्हणजे हाफ मॅरेथॉन, आणि बिब म्हणजे रेसमध्ये छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद.) पाच मिनिटांत तीन-चार जण तयार होतात. कोणी पैसे किती विचारतं, कोणी टी-शर्टचा साइज विचारतं. दुखऱ्या गुडघ्यावाल्यालाही बरं वाटतं, कारण भरलेली फी वाया गेली नाही आणि कोणाची तरी सोय झाली.

या व्यवहारात वाईट हेतू बहुधा कुणाचाच नसतो. म्हणून नियमांच्या पानावर 'बिब हस्तांतरित करता येणार नाही' असं वाचलं की अनेकांना तो आयोजकांचा आडमुठेपणा वाटतो. "जागा माझी, पैसे माझे. मी धावलो काय किंवा माझा भाऊ धावला काय, रस्त्यावर माणूस एकच असणार ना?" हा प्रश्न रास्त आहे. 'नियम म्हणजे नियम' एवढं म्हणून त्याला वाटेला लावणं मला पटत नाही. त्याचं नीट उत्तर द्यायचं तर आधी बिब म्हणजे काय ते बघावं लागेल. माझं मत मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवते: जागा सोडण्यात काहीही गैर नाही. जागा सोडताना स्वतःचं नाव तिथेच ठेवून जाणं गैर आहे. पुढचा सगळा लेख या फरकाबद्दल आहे.

बिबला काय काय जोडलेलं असतं

सिनेमाचं तिकीट कोणी वापरलं याने थिएटरला फरक पडत नाही, खुर्ची भरली की झालं. रेसची एंट्री त्या जातीची नसते. फॉर्म भरताना आपण जन्मतारीख देतो, लिंग देतो, आधीच्या रेसचा वेळ देतो. काही आजार किंवा ॲलर्जी असेल तर ती लिहितो. अडीअडचणीला कोणाला फोन करायचा तो नंबर देतो. शेवटी एका लांबलचक हमीपत्राखाली टिक करतो की मी तंदुरुस्त आहे, यातले धोके मला ठाऊक आहेत आणि नियम मान्य आहेत. हे सगळं एका क्रमांकाला जोडलं जातं, आणि तो क्रमांक छापून आपल्या छातीवर लागतो.

बिबच्या मागे एक पातळ चिप चिकटवलेली असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. रस्त्यावर अंथरलेल्या मॅटमधल्या अँटेनाच्या रेडिओलहरी मिळाल्या की ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये चिपने वेळ मोजायला १९९६ मध्ये सुरुवात झाली. आता लहानसहान रेसमध्येही चिप असते. या चिपला चेहरा कळत नाही. क्रमांक मॅटवरून गेला, म्हणजे फॉर्ममध्ये ज्याची जन्मतारीख आहे तोच माणूस गेला, असं ती धरून चालते. निकाल, वयोगटातला नंबर, घरच्यांच्या मोबाइलवर सरकणारा ट्रॅकिंगचा ठिपका, प्रमाणपत्र, सगळं त्या एका गृहीतावर उभं असतं. बिब दुसऱ्याने लावला की हे गृहीत खोटं होतं, आणि ते खोटं झाल्याचं फक्त दोन माणसांना माहीत असतं.

कोसळलेला माणूस कोण आहे?

सगळ्यात गंभीर मुद्दा हा आहे, आणि चर्चेत सगळ्यात पटकन झटकला जाणाराही हाच. "मला काय होणार आहे? वर्षानुवर्षं धावतोय."

रेसमध्ये मृत्यू क्वचितच होतात. पण भोवळ येऊन बसलेले, उन्हाने भरकटलेले, बेशुद्ध पडलेले धावक मोठ्या रेसच्या मेडिकल टेंटमध्ये दर वेळी असतात. यातल्या काहींना स्वतःचं नावही धड सांगता येत नाही. उष्माघातात शरीर इतकं तापतं की माणूस असंबद्ध बोलू लागतो. उलट, गरजेपेक्षा खूप पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम खाली गेलं, तरीही गोंधळ, झटके, बेशुद्धी अशीच लक्षणं दिसतात. हे दुसरं प्रकरण वाटतं तितकं दुर्मिळ नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं, तर १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. पहिल्या रुग्णाला ताबडतोब थंड पाण्यात बुडवावं लागतं. दुसऱ्याला आणखी पाणी पाजलं तर जिवावर बेतू शकतं.

हे निदान डॉक्टर तापमान आणि रक्त तपासून करतात. बिब वाचून कोणी औषध देत नाही, आणि रक्त चढवायची वेळ आली तर रुग्णालय गट पुन्हा तपासूनच घेतं. बिब बदलला म्हणून चुकीचं रक्त चढतं, ही भीती घालण्यात अर्थ नाही. खरी अडचण त्याच्या आधीची आहे. हा माणूस इन्सुलिन घेतो का? याला फेफरं येतं का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे? बोलता न येणाऱ्या माणसाबद्दल हे कोण सांगणार? बिबवरचा क्रमांक संगणकात टाकला की एक नाव येतं, वय येतं, 'कोणताही आजार नाही' अशी नोंद येते आणि एक फोन नंबर येतो. बिब उसना असेल तर हे सगळं दुसऱ्याच कोणाचं तरी असतं. माहितीच नसेल तर डॉक्टर सावध राहतात. चुकीची माहिती मिळाली तर ते तिच्यावर विसंबतात.

मग फोन जातो. तो बिब देणाऱ्याच्या घरी जातो. तो स्वतः घरातच असेल तर निदान गोंधळ लवकर सुटतो. पण तो प्रवासात असेल आणि फोन त्याच्या आईने घेतला असेल तर? तुमचा मुलगा रस्त्यात कोसळला, असं त्या बाईला सांगितलं जाईल. ज्याच्यावर खरंच संकट आलं आहे त्याच्या घरी मात्र कोणालाच काही कळलेलं नसेल. बिब ग्रुपवरून गेला असेल, तर देणाऱ्याकडे त्या माणसाचं अर्धं नाव आणि एक मोबाइल नंबर असतो. तो मोबाइल कोसळलेल्याच्या खिशात वाजत राहतो.

डिसेंबर २०१६ मध्ये चीनच्या शियामेन शहरातल्या हाफ मॅरेथॉनमध्ये दोन धावकांचा मृत्यू झाला. त्यातला एक दुसऱ्याच्या बिबवर धावत होता. त्याच्या कुटुंबाने आयोजकांवर आणि बिब देणाऱ्यावर भरपाईचा दावा लावला. न्यायालयाने दावा फेटाळला. पण एका मित्रत्वाच्या कृतीचा शेवट मृताच्या घरच्यांसमोर न्यायालयात उभं राहण्यात झाला. कायद्याने मोकळं केलं तरी असा माणूस मनाने मोकळा होतो असं मला वाटत नाही.

काही देशांत तर एंट्रीच तब्येतीला बांधलेली असते. इटलीत स्पर्धात्मक शर्यतीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. फ्रान्समध्येही अनेक वर्षं तसंच होतं. तिथे २०२४ पासून प्रमाणपत्राऐवजी आरोग्याच्या जोखमींची माहिती देणारा एक ऑनलाइन टप्पा पूर्ण करावा लागतो. बिब बदलला की तपासणी एकाची होते आणि धावतो दुसरा.

"मी मागच्या बाजूला माझं नाव आणि घरचा नंबर लिहिते ना!" असंही म्हटलं जातं. जरूर लिहावं. स्वतःच्या बिबवरही लिहावं. कितीतरी जण ती जागा कोरीच ठेवतात. पण त्याने फक्त हा एक धोका कमी होतो. बाकीचं तसंच राहतं.

"मी काही जिंकायला धावत नाही"

समजा बावन्न वर्षांच्या बाईंचा बिब सत्तावीस वर्षांच्या मुलाला मिळाला. त्याला फक्त मजेत धावायचंय. तो आरामात दोन तासांच्या आत हाफ संपवतो, मेडल घेतो, नाश्ता करून घरी जातो. त्याच्या लेखी विषय संपला. इकडे निकालाच्या यादीत पन्नाशीच्या पुढच्या महिलांच्या गटात एक नाव वर चढलेलं असतं. तिसरी आलेली बाई चौथी होते. तिने कदाचित वर्षभर त्या पोडियमकडे डोळे लावून तयारी केलेली असते. स्टेजवर नावं पुकारली जातात तेव्हा तिचं नाव येत नाही, आणि तिच्यापुढे गेलेली ती बाई कोण हे तिला कधीच कळत नाही, कारण अशी बाई धावलेलीच नसते.

वयोगट आणि लिंग सारखं असलेल्या व्यक्तीला बिब दिला तर हा प्रश्न सौम्य होतो, सुटत नाही. देणारा पाच मिनिटं प्रतिकिलोमीटरने धावणारा असेल आणि घेणारा आठ मिनिटांनी, तर घेणारा पुढच्या वेव्हमध्ये, म्हणजे आधी सोडल्या जाणाऱ्या वेगवान गटात, उभा राहतो आणि मागून येणाऱ्या वेगवान झुंडीच्या वाटेत सापडतो. अरुंद रस्त्यावर त्याने दोघं-तिघं पडूही शकतात. शिवाय देणाऱ्याच्या नावावर असा एक वेळ नोंदला जातो जो त्याने धावलेलाच नाही. तो वेळ खराब असेल तर त्याला वाईट वाटतं, चांगला असेल तर पुढच्या रेसच्या फॉर्ममध्ये भरायचा मोह होतो. उसनवारीची गोष्ट इथून फसवणुकीकडे सरकते.

त्याचं टोक बॉस्टन मॅरेथॉनच्या बाबतीत दिसतं. तिथे १९७० पासून पात्रतेचा वेळ लागतो. २०२६ साठी १८ ते ३४ वयोगटातल्या पुरुषांना २ तास ५५ मिनिटं आणि महिलांना ३ तास २५ मिनिटं अशी अट होती. अट पूर्ण केली म्हणजे जागा मिळाली असंही नाही. अर्ज जागांपेक्षा जास्त येतात, म्हणून आपापल्या अटीपेक्षा सगळ्यात वेगवान असलेल्या अर्जदारांपासून जागा भरत जातात. २०२५ च्या शर्यतीसाठी अटीपेक्षा ६ मिनिटं ५१ सेकंद वेगवान असलेल्यांपर्यंतच प्रवेश मिळाला, आणि पात्रता गाठूनही १२ हजारांहून जास्त धावक बाहेर राहिले. एवढी चुरस असल्यावर काही जण आधीच्या एखाद्या मॅरेथॉनमधला आपला बिब वेगवान मित्राला देऊन त्याच्या पायांवर स्वतःचा पात्रता वेळ मिळवतात. इंग्रजीभाषक धावक अशा भाडोत्री पायांना 'बिब म्यूल' म्हणतात. इथे ज्याची जागा गेली तो माणूस खरा असतो. एका सेकंदाने बाहेर राहिलेल्या धावकाचं चेहरा असलेलं नुकसान झालेलं असतं, फक्त तो चेहरा आपल्याला दिसत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत १९९९ मध्ये दोन भावांनी एकाच बिबवर धावून नववा क्रमांक मिळवला होता. वाटेतल्या शौचालयात शिरून ते अदलाबदल करत. फोटोंमध्ये एकदा घड्याळ डाव्या मनगटावर तर एकदा उजव्या मनगटावर दिसलं आणि प्रकार उघडकीला आला. कॉम्रेड्समध्ये पहिल्या दहांना सोन्याचं पदक मिळतं, म्हणजे त्या दिवशी अकरावा आलेला धावक हक्काच्या सोन्याशिवाय घरी गेला. ग्रुपवर बिब देणारा मित्र आणि हे दोन भाऊ यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे, हे मला मान्य आहे. हेतूत जमीनअस्मानाचा फरक आहे. पण टाइमिंगच्या संगणकाला हेतू दिसत नाही, आणि आयोजकांना दोन्ही प्रकार एकाच जाळ्याने पकडावे लागतात. २०१८ च्या शेनझेन हाफ मॅरेथॉनमध्ये २५८ जण पकडले गेले. त्यातले २३७ झाडीतून शॉर्टकट मारणारे होते, १८ जणांचे बिब बनावट होते आणि ३ जण दुसऱ्याच्या नावावर धावत होते.

रांगेत पुढे कोण होतं?

लंडन मॅरेथॉनच्या २०२६ च्या लॉटरीसाठी ११ लाखांहून जास्त अर्ज आले. २०२५ मध्ये ही शर्यत पूर्ण करणारे होते ५६ हजारांच्या वर, आणि त्यातही लॉटरीतून आलेले काहीच. बाकीचे संस्थांसाठी निधी जमवणारे, पात्रता वेळ असलेले, क्लबांचे. म्हणजे एका जागेमागे कितीतरी लोक ताटकळत असतात. अशा शर्यतीत जागा सोडणाऱ्याने ती ओळखीच्या माणसाला दिली, तर रांगेतला पुढचा कोण हे त्याने परस्पर ठरवलं. ज्याच्या ओळखी आहेत त्याला जागा मिळते. जो दर वर्षी निमूटपणे अर्ज करतो आणि दर वर्षी नकार वाचतो, त्याची पाळी कधीच येत नाही.

अर्थात सगळ्याच शर्यती अशा नसतात. ज्या रेसची नोंदणी शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडी असते तिथे रांगच नसते. तिथे बिब मित्राला दिल्याने कोणाची जागा जात नाही. फार तर आयोजकांची एक फी बुडते, कारण तो मित्र स्वतः नोंदणी करू शकला असता. मग तो करत का नाही? दिलेला बिब फुकट किंवा स्वस्तात मिळतो म्हणून. त्यात 'कोणाचंच नुकसान नाही' हे म्हणणं पूर्ण खरं नाही, पण नुकसान लहान आहे हे खरं.

नफा घेऊन विकणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल मला अजिबात शंका नाही. धावायचा विचारच नसताना जागा अडवायची आणि शेवटच्या आठवड्यात दुप्पट भावाने विकायची, हा काळाबाजार आहे. आयोजक हस्तांतर सरसकट बंद ठेवतात त्याचं एक मोठं कारण हेच लोक आहेत. त्यांच्यामुळे खऱ्या दुखापतीवाल्यांचीही वाट बंद होते.

मग जागा वाया जाऊ द्यायची?

बिब देणाऱ्याच्या मनात खरं बोचतं ते हे. फी गेली, तयारी गेली, आता निदान जागा तरी वापरली जावी. पण रेसला जागा वाया जाण्याचा अर्थ थोडा वेगळा असतो. नोंदणी केलेल्यांपैकी काही जण दुखापत, आजारपण, काम अशा कारणांनी येणारच नाहीत, हे आयोजकांना अनुभवाने माहीत असतं. किती एंट्री स्वीकारायच्या, पाणी किती, स्वयंसेवक किती, सुरुवातीच्या कुंपणात किती माणसं मावतील, हे ते गळती धरूनच ठरवतात. आपली न वापरलेली जागा त्या हिशेबात आधीच धरलेली असते. फी परत मिळत नाही याचं दुःख खरं आहे. जागा रिकामी राहिली म्हणून कोणाचं तरी नुकसान झालं, हे बहुधा खरं नाही.

इथे आयोजकांनाही चार गोष्टी ऐकवल्या पाहिजेत. रेसच्या कितीतरी महिने आधी पूर्ण फी घ्यायची, परतावा नाही, पुढच्या वर्षी ढकलणं नाही, नाव बदलणं नाही, आणि मग लोक चोरून बिब देतात म्हणून तक्रार करायची, हे प्रामाणिकपणाचं नाही. लांब पल्ल्याच्या तयारीत माणूस जखमी होणं हा अपवाद नाही. गर्भधारणा ही तर दुखापतही नाही. लंडन आणि बॉस्टन दोन्हीकडे गर्भवती धावकांना आता एंट्री पुढे ढकलता येते, पण त्यासाठी बायकांना किती वर्षं बोलावं लागलं! न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये मुदतीत एंट्री रद्द केली तर पुढच्या वर्षीची जागा राखून मिळते, फी मात्र पुन्हा भरावी लागते. हा मधला मार्ग आहे; पैसे जातात, पण खोटं बोलावं लागत नाही. अनेक मध्यम आकाराच्या शर्यती ठरावीक तारखेपर्यंत अधिकृत हस्तांतर करू देतात. देणारा संकेतस्थळावर विनंती टाकतो, घेणारा स्वतःचा फॉर्म भरतो, थोडं शुल्क लागतं, आणि नवा माणूस त्याच्या स्वतःच्या नावाने, वयाने आणि फोन नंबरने धावतो. वर सांगितलेल्या अडचणींपैकी बहुतेक एवढ्याने मिटतात. काळाबाजार रोखायचा असेल तर मूळ फीपेक्षा जास्त पैसे घेऊ न देणं किंवा जागा थेट प्रतीक्षायादीत जाऊ देणं, असे उपाय आहेत. शेवटच्या आठवड्यात बिब छापून झाल्यावर हे थांबवावं लागतं, तेही समजण्यासारखं आहे. पण अशी सोय मुळीच न ठेवणाऱ्या आयोजकाने आपल्या शर्यतीतल्या उसन्या बिबांची अर्धी जबाबदारी घ्यायला हवी.

म्हणजे वाट नसेल तर नियम मोडावा? नियम मोडण्याची एक मानाची परंपरा धावण्यात आहे, आणि ती विसरून चालणार नाही. १९६६ मध्ये बॉबी गिब हिला बाई आहे म्हणून बॉस्टनची एंट्री नाकारली गेली. ती झुडपांमागे थांबली आणि बिबशिवाय पूर्ण शर्यत धावली. पुढच्याच वर्षी कॅथरिन स्विट्झरने 'के. व्ही. स्विट्झर' अशा आद्याक्षरांनी एंट्री घेतली आणि २६१ क्रमांकाचा बिब लावून धावली. वाटेत एका अधिकाऱ्याने तिच्या अंगावर धावून जाऊन तिचा बिब ओढायचा प्रयत्न केला. बॉस्टनमध्ये महिलांना अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये मिळाला. या दोघींनी अन्यायाचा नियम मोडला, उघड्यावर मोडला, आणि आपण कोण आहोत हे लपवण्यासाठी दुसऱ्या कोणाचं नाव पांघरलं नाही. स्विट्झरच्या छातीवरचा क्रमांक तिचा स्वतःचा होता. उसना बिब नेमका उलट चालतो. तो कोणालाही कळू नये, यावरच त्याचं यश अवलंबून असतं.

मधले प्रसंग

सगळ्या प्रसंगांना एकच उत्तर नाही. गावातल्या छोट्या रेसमध्ये, टाइमिंग चिप नसताना, टेबलावरच्या माणसाला सांगितलं की बहीण आजारी आहे, तिच्या जागी मी धावते, आणि त्याने वहीत नाव खोडून नवं लिहिलं, तर तिथे काहीच चुकलेलं नाही. आयोजकाला कळलं, त्याने होकार दिला, नाव बदललं. कंपनीने घेतलेल्या गटाच्या बिबांचंही तसंच. तिथे अनेकदा शेवटच्या आठवड्यापर्यंत नावं बदलता येतात, पण ज्याच्याकडे यादी असते तो आळस करतो आणि माणसं चुकीच्या नावाने धावतात. ही चूक एका ईमेलने टळते.

अवघड प्रसंग वेगळा असतो. आयोजकांना लिहिलं, त्यांनी नकार दिला, आणि एक मैत्रीण या शर्यतीसाठी खरंच तळमळते आहे, कदाचित आयुष्यात पुन्हा ती इथे येणार नाही. माझं उत्तर तरीही नाही असंच आहे. तिला ते कठोर वाटेल. पण तिच्या आनंदाची किंमत मोजणाऱ्यांना, म्हणजे मेडिकल टेंटमधल्या डॉक्टरला, चौथ्या आलेल्या बाईला, रांगेतल्या अनोळखी माणसाला, यात कोणी विचारलेलं नाही. माझ्या नावाने काय नोंदलं जावं हे मी ठरवू शकते. त्यांच्या वतीने जोखीम पत्करण्याचा अधिकार मला नाही.

देणारा आणि घेणारा यांत जास्त जबाबदार कोण? मला वाटतं, देणारा. फॉर्म त्याने भरला, हमीपत्रावर टिक त्याने केली, आणि अधिकृत वाट शोधायला वेळही त्याच्याकडे होता. घेणारा बऱ्याचदा नवखा असतो. यात काही प्रश्न आहे हेच त्याला ठाऊक नसतं. म्हणून दुखापत पक्की झाली की पहिला मेसेज ग्रुपला न टाकता आयोजकांना टाकावा. अजून बिब छापले गेले नसतील तर नाव बदलण्याची किंवा पुढे ढकलण्याची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त असते. नकार आला तरी 'मी येणार नाही' एवढं कळवावं. आणि कोणी उसन्या बिबवर धावून मोकळं झालंच असेल, तर त्याच दिवशी टाइमिंग टीमला कळवून तो निकाल काढून टाकायला सांगता येतं. त्याने देणारा पुढच्या वर्षी बाद होण्याचा धोका असतो, पण बक्षीस वाटपाआधी कळवलं तर एखाद्या चौथ्या आलेल्या बाईला तिची जागा परत मिळते.

राहिला प्रश्न दुसरं कोणी असं करताना दिसलं तर काय करायचं याचा. निकालात साठीच्या बाईंच्या नावापुढे दाढीवाल्या तरुणाचा फोटो दिसला की तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायची अनेकांना घाई होते. ती करू नये. नवरा-बायकोने एकाच पिशवीतून बिब काढताना अदलाबदल केलेली असते, भावंडांच्या चिप उलट लागलेल्या असतात, कधी नोंदणीच्याच यादीत वय चुकलेलं असतं. आपल्याला फक्त फोटो दिसतो. आयोजकांकडे प्रत्येक मॅटवरचा वेळ, नोंदणीची माहिती आणि सगळे फोटो असतात. पोडियम किंवा पात्रतेचा वेळ यात गुंतलेला असेल, तर बिब क्रमांक, गट आणि फोटोची लिंक एवढंच शांतपणे आयोजकांना किंवा टाइमिंग टीमला कळवावं, आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. पोडियम गुंतलेला नसेल आणि माणूस ओळखीचा असेल, तर आधी त्यालाच खासगीत फोन करावा. बऱ्याचदा तो स्वतःच निकाल काढून टाकायला सांगतो.